चेपॉक आणि भाकिताचे मोल

22 सप्टेंबर 1986 रोजी मद्रासच्या चेपॉक मैदानावर भारत-ऑस्ट्रेलिया कसोटी बरोबरीत सुटली. 348 धावा हव्या असता भारताचा डाव 347 वर, अवघा एक चेंडू उरला असताना आटोपला. भल्याभल्यांची भाकिते फोल ठरली. खेळाची थोरवी त्यातच होती.

त्या काळी सामना दाखविण्यासाठी क्रिकेट मंडळालाच दूरदर्शनकडे पैसे भरावे लागत. 1993 च्या इंग्लंड दौऱ्यात मंडळाने प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीस विकले आणि चक्र उलटे फिरले. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्वाळा देऊन सरकारी मक्तेदारी अमान्य केली. पुढे 2023 ते 2027 या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क 48,390 कोटी रुपयांस गेले.

एवढी रक्कम मुख्यतः जाहिरातींतून वसूल व्हावयाची. तेव्हा प्रेक्षकाचे भाकीतही बाजारात आले. शुल्क घेऊन अकरा खेळाडू निवडण्याच्या स्पर्धा भरविणारी ड्रीम इलेव्हन 2020 साली आयपीएलची मुख्य पुरस्कर्ती झाली. त्यापूर्वीच, 2015 साली, सट्ट्याच्या प्रकरणामुळे चेन्नईचा संघ दोन वर्षांसाठी निलंबित झाला होता. 2025 च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. कायदा शुल्क थांबवील. परंतु भाकीत चुकल्याचा निर्मळ आनंद प्रेक्षकाने स्वतःच जपावयाचा आहे.