वऱ्हाडातील अभियांत्रिकी शिक्षण : फळ्यापासून पडद्यापर्यंत

वऱ्हाडातील तरुणाला अभियंता व्हावयाचे तर नागपूर वा पुणे गाठावे लागे. १९६४ साली अमरावतीस शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले आणि ही स्थिती पालटू लागली. १९८३ साली अमरावती विद्यापीठ अस्तित्वात आले. त्याच वर्षी अकोला, बडनेरा व शेगाव येथेही अभियांत्रिकी महाविद्यालये निघाली. इमारती लवकर उभ्या राहतात. अनुभवी अध्यापक मात्र तितक्या वेगाने घडत नाहीत.

ही उणीव दुरून भरून काढण्याचा मोठा प्रयत्न २००३ साली आरंभिला गेला. सात आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी 'एनपीटीईएल' प्रकल्पाद्वारे आपली व्याख्याने सर्वांना विनामूल्य खुली केली. अकोल्याच्या विद्यार्थ्यास नामवंत प्राध्यापक घरबसल्या ऐकता येऊ लागले, ही गोष्ट सामान्य नव्हे. तथापि तासभर ऐकणे म्हणजे शिकणे नव्हे.

मुंबई आयआयटीतील सहना मूर्ती, श्रीधर अय्यर व त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थिकेंद्री अभ्यासक्रमाचा जो आराखडा मांडला, त्याचे मर्म येथेच आहे. त्यात चित्रफीत लहान असते आणि मध्येच थांबते. समजा, तुळईवरील भार मध्यावरून एका टोकाकडे सरकविला, तर वाक कोठे सर्वाधिक पडेल? विद्यार्थ्याने आधी स्वतः उत्तर लिहावयाचे, मगच पुढे जावयाचे. पाठोपाठ सरावाचे प्रश्न येतात. उत्तर चुकले तर केवळ 'चूक' असा शेरा न मिळता कोणत्या गैरसमजाने चुकले, हे उलगडून सांगितले जाते. पुढील वाचन आपापल्या गरजेनुसार, आणि चर्चा नेमक्या प्रश्नाभोवती.

मूल्यमापनाचा प्रश्न अधिक बिकट ठरला. एनपीटीईएलने २०१४ पासून प्रमाणपत्रे देण्यास प्रारंभ केला आणि पुढे साप्ताहिक स्वाध्यायास २५ व परीक्षेस ७५ गुण अशी विभागणी रूढ झाली. परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावयाची आणि दोन्हींत स्वतंत्रपणे किमान गुण मिळवावयाचे. स्वाध्यायाची उत्तरे मित्राच्या वहीतूनही येऊ शकतात, हे ओळखूनच ही दक्षता घेतली असावी! त्याच वर्षी भारत 'वॉशिंग्टन करारा'चा पूर्ण सदस्य झाला आणि 'काय शिकविले' यापेक्षा 'विद्यार्थ्यास काय करता येऊ लागले' यास अधिमान्यता पडताळणीत महत्त्व आले.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर सारे वर्गच पडद्यावर गेले. त्या वर्षीच्या बहुपर्यायी परीक्षांत गुण मिळाले. परंतु लेथ यंत्रावर हात बसला की नाही, हे मात्र विद्यार्थी कर्मशाळेत परतल्यावरच कळावयाचे होते.