पिवळ्या दिव्यामागचा आकडा : टायरमधली हवा, न्यायालय आणि लॅपटॉप

१/
मोटारीच्या स्टिअरिंगखाली, चालकाच्या गुडघ्याजवळ, सोळा पिनांचे एक सॉकेट असते. त्यात केबल जोडायची, दुसरे टोक लॅपटॉपला लावायचे, पडद्यावर टायरच्या किमान हवेचा आकडा शोधायचा आणि तो बदलून टाकायचा. डॅशबोर्डवर पेटलेला पिवळा दिवा विझतो. काम पाच-दहा मिनिटांचे.

तो आकडा तिथे येण्यामागे मात्र २७१ मृत्यू, एक कायदा आणि एक खटला आहे.

२/
दिवा बहुतेकांच्या ओळखीचा असतो. घोड्याच्या नालेसारखी आकृती आणि तिच्या पोटात उद्गारचिन्ह. ही आकृती म्हणजे टायरचा उभा छेद. हवा कमी झाली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्याला अधिक वाकतात, वाकण्याने उष्णता निर्माण होते आणि रबर व पोलादी तारांचे थर यांच्यातील बंध सैल होत जातात. वेग जास्त असेल, ऊन कडक असेल, तर रस्त्याला टेकणारा वरचा थर सोलून निघू शकतो. गंमत अशी, की रेडियल टायर बरीच हवा गेली तरी डोळ्यांना धडधाकट दिसतो.

३/
१९९० च्या दशकात अमेरिकेत फोर्ड कंपनीची एक्सप्लोरर ही उंच बांध्याची गाडी घराघरांत पोहोचली. तिच्या अनेक गाड्यांना फायरस्टोनचे टायर बसवलेले असत. टेक्सास, फ्लोरिडा, ॲरिझोना अशा उष्ण राज्यांतून एकसारख्या अपघातांच्या बातम्या येऊ लागल्या. महामार्गावर टायरचा थर सोलून निघतो, चालकाचा ताबा सुटतो आणि गाडी उलटते.

४/
१९९८ मध्ये एका विमा कंपनीतील कर्मचाऱ्याला दाव्यांच्या कागदांत ही पुनरावृत्ती दिसली. त्याने अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाला ती कळवली, पण काही हालले नाही. फेब्रुवारी २००० मध्ये ह्यूस्टन येथील एका दूरचित्रवाणी वाहिनीने हे प्रकरण लोकांसमोर मांडले आणि तक्रारींचा ओघ सुरू झाला. मे महिन्यात चौकशी बसली. ९ ऑगस्ट २००० रोजी फायरस्टोनने ६५ लाख टायर परत बोलावले.

५/
मग दोष कोणाचा, यावरून वाद पेटला. फोर्डने या गाडीसाठी २६ पीएसआय हवा पुरेशी सांगितली होती. इतक्या कमी हवेने टायर तापतो, ३० हवी, असे फायरस्टोनचे म्हणणे. टायरच सदोष आहेत, असे फोर्डचे म्हणणे. चार पीएसआयच्या फरकावर दोन घराणी समोरासमोर आली. फोर्डचे तेव्हाचे अध्यक्ष विल्यम क्ले फोर्ड (धाकटे) हे हेन्री फोर्ड आणि हार्वे फायरस्टोन या दोघांचेही पणतू! तरीही मे २००१ मध्ये फायरस्टोनने फोर्डशी असलेला जवळपास शतकभराचा व्यवहार तोडला. सरकारी नोंदींत या टायरांशी निगडित मृत्यूंचा आकडा अखेरीस २७१ वर गेला. जखमी ८०० हून अधिक.

६/
लोकक्षोभ मोठा होता. अमेरिकी संसदेने काही आठवड्यांत ‘ट्रेड’ नावाचा कायदा संमत केला आणि १ नोव्हेंबर २००० रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. त्याच्या तेराव्या कलमात एक आदेश होता. टायरमधली हवा लक्षणीय कमी झाल्यास चालकाला इशारा देणारी यंत्रणा नव्या गाड्यांत असावी. तोवर ही यंत्रणा श्रीमंती थाटाची गोष्ट होती. १९८६ च्या पोर्शे ९५९ या गाडीत ती पहिल्यांदा दिसली होती.

७/
पण ‘लक्षणीय’ म्हणजे किती? कायद्याने ते सांगितले नव्हते, आणि सारा संघर्ष त्या एका शब्दात दडला होता.

मार्ग दोन होते. पहिल्यात प्रत्येक चाकात बॅटरीवर चालणारा सेन्सर बसतो आणि तो हवेचा दाब रेडिओ लहरींनी गाडीच्या संगणकाला कळवतो. दुसरा मार्ग स्वस्त. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेला चाकांचा वेग कळतच असतो. हवा कमी झालेल्या चाकाचा परीघ किंचित घटतो, ते इतरांपेक्षा जलद फिरते, आणि त्यावरून अंदाज बांधता येतो.

८/
दुसऱ्या मार्गात एक उणीव होती. तो चाकांची एकमेकांशी तुलना करतो. चारही टायरांतली हवा सारखीच उतरली, तर तुलनेला काही उरतच नाही. आणि हवा सावकाश उतरते ती बहुधा चारही चाकांतून.

तरीही २००२ च्या नियमात उत्पादकांना निवड देण्यात आली. चारही टायरांवर लक्ष ठेवणारी यंत्रणा असेल, तर २५ टक्के घट झाल्यावर इशारा. एकाच टायरची घट ओळखणारी असेल, तर ३० टक्क्यांवर.

९/
‘पब्लिक सिटिझन’ ही ग्राहकहिताची संस्था आणि तिच्या सहकारी संस्था न्यायालयात गेल्या. ऑगस्ट २००३ मध्ये अपील न्यायालयाने तो नियम रद्द केला. चारही टायर पाहणारी यंत्रणा अधिक जीव वाचवते, हे प्रशासनाची स्वतःचीच आकडेवारी सांगत असताना कमकुवत पर्याय खुला ठेवणे मनमानीचे आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

१०/
एप्रिल २००५ मध्ये नवा नियम आला. एक टायर असो वा चारही, शिफारस केलेल्या हवेपेक्षा २५ टक्के घट झाली की २० मिनिटांच्या आत दिवा पेटलाच पाहिजे. १ सप्टेंबर २००७ पासून अमेरिकेच्या बाजारासाठी बनणाऱ्या सर्व हलक्या वाहनांना तो लागू झाला. दाराच्या चौकटीवरील पट्टीत ३२ लिहिले असेल, तर दिवा २४ ला पेटणार. संगणकाच्या स्मृतीत बसलेला आकडा तो हाच.

११/
त्याचा उपयोग झाला का? २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सरकारी पाहणीनुसार ही यंत्रणा असलेल्या गाड्यांत टायरमधली हवा धोकादायक पातळीपर्यंत कमी असण्याची शक्यता सुमारे ५६ टक्क्यांनी घटली होती. एका छोट्या दिव्यासाठी ही कामगिरी मोठी म्हटली पाहिजे.

१२/
आता सॉकेटकडे. त्याचा उगम टायरांत नाही, धुरक्यात आहे.

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरावर डोळे झोंबवणारा धूर पसरला. युद्धाचे दिवस. जपानने विषारी वायू सोडला की काय, अशी शंकाही लोकांना आली. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी कॅलटेक संस्थेतील डच रसायनशास्त्रज्ञ आरी हागेन-स्मित यांनी दाखवून दिले, की मोटारींच्या व तेलशुद्धीकरणाच्या वायूंवर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन हे धुरके बनते. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियाने हवा संसाधन मंडळ स्थापले. पहिले अध्यक्ष हागेन-स्मितच होते.

१३/
धूर आटोक्यात ठेवण्यासाठी इंजिनावर संगणक आला. संगणक बिघडला तर कळणार कसे? १९८० च्या दशकात जनरल मोटर्सच्या गाड्यांत मेकॅनिक कागदाची टाचणी वाकवून सॉकेटमधल्या दोन छिद्रांत घालत आणि ‘चेक इंजिन’चा दिवा लुकलुकू लागे. एक लुकलुक, थोडे थांबून दोन, म्हणजे १२ क्रमांकाचा संकेत. पण प्रत्येक कंपनीचे सॉकेट वेगळे, संकेत वेगळे.

१४/
कॅलिफोर्नियाने १९८८ पासून गाडीला स्वतःचे दोष ओळखायला भाग पाडले. पुढच्या टप्प्यात सॉकेट आणि संकेतांची भाषा सर्वांसाठी एक झाली. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीला हे ओबीडी-२ बंधनकारक ठरले. सोळा पिना, जागा स्टिअरिंगपासून दोन फुटांच्या आत. उद्देश एकच होता. धुराशी संबंधित बिघाड कोणत्याही गॅरेजला वाचता यावेत.

१५/
पण सोळांपैकी काही पिना उत्पादकांच्या खासगी वापरासाठी मोकळ्या ठेवलेल्या होत्या. त्याच दारातून गाडीतल्या इतर संगणकांशी बोलता येऊ लागले. दिवे, कुलपे, सीटबेल्टची घंटी, टायरची हवा, सारे काही.

या संवादाची रीत साधी आहे. लॅपटॉप विचारतो, ‘अमुक नोंद दाखव.’ संगणक दाखवतो. लॅपटॉप म्हणतो, ‘तिथे हा नवा आकडा लिही.’ संवेदनशील नोंद असेल, तर संगणक आधी एक यादृच्छिक संख्या फेकतो. तिचे ठरलेल्या गुप्त सूत्राने काढलेले उत्तर आले, तरच कुलूप उघडते.

१६/
ही भाषा कंपनीच्या अधिकृत कार्यशाळांची मक्तेदारी होती. २००० च्या सुमारास ती मोडू लागली. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांसाठी व्हॅग-कॉम, पुढे फोर्डसाठी फोरस्कॅन, क्रायस्लर आणि जीपसाठी अल्फाओबीडी. स्वतंत्र प्रोग्रामरांनी लिहिलेल्या या सॉफ्टवेअरमुळे सामान्य गाडीमालकही आपल्या गाडीची स्मृती वाचू आणि बदलू लागला.

१७/
हवेचा आकडा बदलण्यामागे रास्त कारणे असतात. डोंगरदऱ्यांत गाडी नेणारा माणूस मोठे, रुंद टायर बसवतो. त्यांना योग्य हवा कारखान्यातल्या आकड्यापेक्षा वेगळी असते आणि दिवा कायम पेटलेला राहतो. कायम पेटलेला दिवा इशारा देत नाही, तो दुर्लक्षाची सवय लावतो. अशा वेळी आकडा नव्या टायरांनुसार दुरुस्त करणे म्हणजे दिव्याला पुन्हा खरे बोलायला लावणे.

पण पंपावर जाण्याचा कंटाळा आलेला माणूसही नेमके तेच बटण दाबतो. दोघांच्या हेतूंतला भेद सॉफ्टवेअरला दिसत नाही.

१८/
अमेरिकी कायद्यानेही येथे एक विलक्षण रेषा आखली आहे. उत्पादक, विक्रेता किंवा दुरुस्ती करणारा व्यावसायिक यांना सुरक्षेची अनिवार्य यंत्रणा निकामी करण्यास मनाई आहे. या मनाईच्या यादीत गाडीचा मालक नाही. गॅरेजवाल्याने दिवा बंद केला तर गुन्हा. मालकाने स्वतः केला तर हा कायदा त्याला अडवत नाही.

१९/
आणखी एक भिंत होती ती कॉपीराइटची. १९९८ च्या डिजिटल कॉपीराइट कायद्यानुसार सॉफ्टवेअरवरील कुलूप तोडणे बेकायदा, मग गाडी स्वतःची का असेना. २०१५ मध्ये वाहनमालकांसाठी सवलत मागितली गेली. उत्पादकांनी विरोध केला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनेही जुलै महिन्यात पत्र पाठवून विरोध नोंदवला. मालक धुराच्या यंत्रणेत ढवळाढवळ करतील, ही तिची भीती.

२०/
दोनच महिन्यांनी, १८ सप्टेंबर २०१५ रोजी, त्याच संस्थेने फोक्सवॅगनवर नोटीस बजावली. डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये कंपनीनेच लबाडी लपवली होती. चाचणी चालू असताना गाडी शहाण्यासारखी वागे, रस्त्यावर आली की मर्यादेच्या कितीतरी पट अधिक विषारी वायू सोडे. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या. भीती लॅपटॉपवाल्या मालकाची होती, पण चोरी झाली ती कारखान्यात, आणि कुलपाआड असल्यामुळे वर्षानुवर्षे ती कोणाला दिसली नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये मालकांना सवलत मिळाली. वाहनांसाठी तिचा अंमल मात्र एक वर्ष पुढे ढकलला गेला.

२१/
या प्रकरणाचा एक धागा पुण्याला येतो. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या ‘ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया’ या पुण्यातील संस्थेने भारतातल्या गाड्या रस्त्यावर तपासल्या. उत्सर्जन मर्यादेच्या १.१ ते २.६ पट आढळले. डिसेंबर २०१५ मध्ये कंपनीने भारतातील सुमारे ३ लाख २३ हजार गाड्या सुधारणेसाठी परत बोलावण्याची घोषणा केली. आकडा तपासायला कुलपाबाहेरचा कोणीतरी लागतो, हे तेव्हा आपल्या दारातच सिद्ध झाले.

२२/
टायरचा दिवाही भारतात एका अनपेक्षित वाटेने आला. येथे सुट्या चाकाला ‘स्टेपनी’ म्हणतात. वेल्समधील लानेल्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरच्या दुकानातून १९०४ च्या सुमारास सुटी चाके विकली जाऊ लागली, त्या रस्त्याचे नाव येथे शंभर वर्षे टिकले. २०२० मध्ये केंद्र सरकारने मोटार वाहन नियम बदलले. ऑक्टोबर २०२० पासून, ट्यूबलेस टायर असलेल्या प्रवासी मोटारीत पंक्चर दुरुस्तीचा संच आणि हवेचा दाब सांगणारी यंत्रणा असेल, तर स्टेपनी देणे बंधनकारक राहिले नाही.

२३/
म्हणजे अशा गाडीत डिकीतले पाचवे चाक गेले आणि त्याच्या जागी एक आकडा आला. तो आकडा नव्या टायरांनुसार दुरुस्त करणारा मालक आपली स्टेपनी ठीकठाक ठेवतो. नुसता दिवा विझावा म्हणून तो खाली ओढणारा मालक ती रस्त्यावर टाकून पुढे जातो. केबल दोघांचीही सारखीच असते.