हिशेब पडताळणारे हात

गिरणीत नवा माग उभा राहिला म्हणजे त्यावर लगेच विक्रीचे कापड कोणी काढीत नाही. आधी थोडे सूत चढवून वीण पाहावयाची, मग कामाला लागावयाचे. आम्ही आयुष्य कामगारांत घालविले. म्हणून रसायनशास्त्रातील गणकयंत्रांचा इतिहास वाचताना आमचे लक्ष शोधांपेक्षा या पहिल्या चाचणीकडेच अधिक गेले.

रेणूतील इलेक्ट्रॉन कसे वागतात हे सांगणारे श्रोडिंगरचे समीकरण 1926 साली मिळाले. पण ते सोडविणे म्हणजे आकडेमोडीचा डोंगर उपसणे होते. शिकागोच्या शेर यांनी दोन मदतनीस घेऊन नायट्रोजनच्या रेणूचा जो हिशेब दीर्घकाळ खपून केला, तोच 1959 च्या सुमारास गणकयंत्रावर 35 मिनिटांत होऊ लागला.

परंतु अशी आज्ञावली ज्याची त्याच्याच कपाटात राहिली तर इतरांना काय लाभ? 1962 साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात हॅरिसन शल यांच्या पुढाकाराने 'क्वांटम केमिस्ट्री प्रोग्राम एक्स्चेंज' ही संस्था निघाली. तत्त्व सहकारी भांडाराचेच: ज्याने लिहिली त्याने ठेवावी, ज्याला हवी त्याने न्यावी. छिद्रपत्रांचे गठ्ठे आणि चुंबकीय फिती गावोगाव जाऊ लागल्या. जॉन पोपल यांच्या मंडळींची 'गॉसियन 70' ही आज्ञावली याच मार्गाने लोकांपर्यंत पोहोचली. पोपल यांना 1998 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

पण गठ्ठा आला आणि यंत्रात घातला, एवढ्याने काम भागत नसे. 1964 साली पुढे आलेल्या दोन यंत्रांचेच पाहा. सीडीसी 6600 चा एक शब्द 60 द्विमान अंकांचा, तर आयबीएम 360 चा 32 अंकांचा. दुसऱ्यात एका शब्दात जेमतेम सहा-सात दशमान अंक मावत. दुप्पट शब्द वापरावा लागे. हे इतके महत्त्वाचे का? पाण्याच्या एका रेणूची एकूण ऊर्जा सुमारे 76 हार्ट्री असते. दोन रेणूंना जोडणारा बंध मात्र सुमारे 0.008 हार्ट्रीचा. म्हणजे मोठ्या रकमेतील दहा-हजाराव्या हिश्शाची चूक झाली, तर सारा बंधच हिशेबातून नाहीसा होतो! आणि यंत्र चुकीचे उत्तरही त्याच आत्मविश्वासाने छापते.

म्हणून आधी उत्तर ठाऊक असलेली उदाहरणे सोडवून पाहण्याचा रिवाज पडला. हायड्रोजनच्या अणूची ऊर्जा उणे 0.5 हार्ट्री. पाण्याचा रेणू 1969 च्या 'एसटीओ-3जी' पद्धतीने सोडविला तर उत्तर उणे 74.96 च्या आसपास. ते खऱ्या ऊर्जेपेक्षा दीड हार्ट्रीने उणे पडते हे सर्वांना ठाऊक आहे. तरीही प्रत्येक यंत्रावर तेच आले पाहिजे. न आले, तर दोष पद्धतीचा नव्हे, मांडणीचा. आजच्या आज्ञावल्यांबरोबरही अशी उदाहरणे येतात.

पारितोषिके आज्ञावली रचणाऱ्यांना मिळाली, ती योग्यच. पण रात्री यंत्राशेजारी बसून आकड्याला आकडा लावून पाहणाऱ्यांची नावे कोठेच नाहीत. त्यांच्या खात्रीवाचून त्या 35 मिनिटांना काडीचीही किंमत नव्हती, एवढे तरी आपण ध्यानात ठेवू या.