विस्थापितांचे पुनरागमन आणि अस्मितेची पुनर्घडण : बॉस्नियातील कोझारत्सच्या विशेष संदर्भात

विस्थापितांच्या पुनर्वसनाचा विचार बहुधा घर, जमीन व नुकसानभरपाई यांच्या चौकटीत केला जातो. परतलेला माणूस स्वतःला कोण समजतो, हा प्रश्न त्या चौकटीत बसत नाही. प्रस्तुत लेखात बॉस्निया-हर्झेगोविनाच्या प्रियेदोर नगरपालिकेतील कोझारत्स या गावाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

१९९१ च्या जनगणनेत प्रियेदोरमध्ये ४९,३५१ ‘मुस्लिम’ व ४७,५८१ सर्ब नोंदले गेले. ‘मुस्लिम’ हे तेथे केवळ धर्माचे नव्हे, तर युगोस्लाव्ह राज्याने मान्य केलेल्या राष्ट्रीयत्वाचे नाव होते. मे १९९२ मध्ये सर्ब फौजांनी कोझारत्सवर हल्ला केला. रहिवाशांना ओमार्स्का, केरातेर्म व त्र्नोपोल्ये येथील छावण्यांत डांबण्यात आले. अनेक मारले गेले, उरलेले परागंदा झाले. पुढे सप्टेंबर १९९३ मध्ये सारायेवो येथील परिषदेने या समाजासाठी ‘बोश्नियाक’ हे नाव स्वीकारले. म्हणजे ‘मुस्लिम’ म्हणून हाकलली गेलेली माणसे ‘बोश्नियाक’ म्हणून परतली.

१९९५ च्या डेटन कराराच्या सातव्या परिशिष्टाने मूळ घरी परतण्याचा हक्क दिला; मात्र त्याच कराराने प्रियेदोर सर्ब घटकराज्यात ठेवले. शेजारच्या सान्स्की मोस्त येथे थांबलेले लोक १९९८ च्या सुमारास परतू लागले; त्यात स्त्रियांचा पुढाकार लक्षणीय होता. आंतरराष्ट्रीय प्रशासनाने त्यांची नोंद ‘अल्पसंख्य परतणारे’ अशी केली. ज्या गावात ते पिढ्यानपिढ्या बहुसंख्य होते, त्याच गावात! कराराची खरी विसंगती, माझ्या मते, येथे आहे. घर परत मिळाले, पूर्वीचे स्थान मिळाले नाही.

ते स्थान लोकांनी कागदाबाहेर घडविले. परदेशस्थ नातलगांच्या पैशातून घरे व मशिदी उभ्या राहिल्या. (त्यांतील अनेक घरे उन्हाळ्यातच उघडतात, यास पुनर्वसन म्हणावे काय, हा आक्षेप रास्त आहे.) त्याहून निर्णायक ठरले ते दफनविधी. २०१३ मध्ये तोमाशित्सा येथे चारशेहून अधिक मृतांची सामूहिक कबर सापडली. जिवंत नातलगांच्या रक्तनमुन्यांवरून मृतांची ओळख पटविली जाते आणि जुलैमधील सामूहिक दफनासाठी देशोदेशी पांगलेली कुटुंबे गावी येतात. अनेकांचे गावकरीपण आज या दिवसांवर टिकून आहे.

कोझारत्समध्ये २०१० साली मृतांचे स्मारक झाले. गावाबाहेर चित्र निराळे आहे. त्र्नोपोल्ये छावणीसमोर सर्ब सैनिकांचे स्मारक उभारले गेले; ओमार्स्का येथील नियोजित स्मारकाची योजना २००६ मध्ये स्थगित झाली. १९९२ मध्ये बिगर-सर्बांना घरांवर पांढरी वस्त्रे लावण्यास व दंडावर पांढरी फीत बांधण्यास भाग पाडले गेले होते. २०१२ पासून ३१ मे रोजी लोक ती फीत स्वेच्छेने बांधून प्रियेदोर शहरातून चालतात, आणि मारल्या गेलेल्या १०२ बालकांचे स्मारक शहरातच व्हावे अशी मागणी त्यांचे पालक करीत आले आहेत.