खुर्च्यांतून वाट काढणारी गाडी

बुद्धीचा कस गणितात लागतो, नुसते पाहणे ही काही विद्या नव्हे, असा आपला पिढीजात समज आहे. हान्स मोरावेक यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात १९८० साली डॉक्टरेटसाठी सादर केलेला प्रबंध या समजालाच धक्का देतो. चंद्रावरील गाडी पृथ्वीवरून हाकता येईल काय, हे पाहण्यासाठी पूर्वी तेथे एक चारचाकी बांधली होती. तीच मोरावेकांच्या हाती आली. तिच्यावरचा कॅमेरा दांडीवर सरकत सरकत ९ चित्रे घेई आणि चित्राचित्रांतील फरकावरून संगणक वस्तूंचे अंतर काढी. मग गाडी मीटरभर पुढे जाई, की पुन्हा १०-१५ मिनिटे विचारात मग्न! १९७९ मध्ये खुर्च्यांनी भरलेली एक खोली तिने कोणाच्या मदतीवाचून ओलांडली खरी, पण सुमारे ५ तासांनी. रांगते मूल हे काम खेळता खेळता करते, आणि त्याला कोणी पदवी देत नाही. आम्हांला मात्र प्रबंधाचा सर्वांत बोधप्रद भाग वाटतो तो उघड्यावरील फजितीचा. गाडीचा विचार चालू असता सूर्य काही थांबत नसे. सावल्या सरकत, आणि त्यांच्या ठळक कडांनाच स्थिर खुणा मानून ती फसे.