बुडबुड्यांचा हिशेब

शहाबादी फरशीवर लिंबाचा रस सांडला की बारीक फेस येतो आणि फरशीची झिलई जाते, हे आपल्या गृहिणींना सांगावयास नको. आम्ल आणि चुनखडी यांचे हे वैर फार जुने आहे. परंतु त्या फेसाबरोबर दगडातून काय निघून जाते, याचा चोख हिशेब अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत कोणी मांडला नव्हता.

तो मांडला गेला मुतखड्याच्या निमित्ताने. जोआना स्टीफन्स या बाईने आपले गुप्त औषध उघड करावे म्हणून ब्रिटिश पार्लमेंटने 1739 साली तिला 5000 पौंड दिले. उघडून पाहता त्यात निघाले काय? भाजलेली अंड्यांची टरफले, गोगलगायी आणि साबण! टरफले भाजली म्हणजे चुनाच. मग रोग्यांना चुन्याची निवळी पाजणे सुरू झाले. शिंपल्यांचा चुना चांगला की दगडाचा, यावर एडिंबरोत व्हिट आणि ऑल्स्टन या दोन प्राध्यापकांचा वाद जुंपला.

तेथेच शिकणाऱ्या जोसेफ ब्लॅकने पदवीच्या प्रबंधासाठी (1754) चुन्याऐवजी सौम्य असा पांढरा मॅग्नेशिया घेतला; पुढे चुन्यावरही प्रयोग करून 1756 साली सविस्तर निबंध छापला. भट्टीतला अग्नी दगडात शिरतो म्हणून कळीचा चुना जिभेला भाजतो, असा त्या काळचा समज. ब्लॅकने तराजू पुढे केला. 120 ग्रेन खडू भाजल्यावर चुना उरला 68 ग्रेन. (ग्रेन म्हणजे सुमारे अर्धी गुंज.) अग्नी आत शिरला, तर वजन घटले कसे? तेवढ्याच खडूला शांत होण्यास सौम्य मिठाचे आम्ल लागले 421 ग्रेन, त्यापासून केलेल्या चुन्याला 414. म्हणजे जवळजवळ सारखेच. फरक एवढाच, की खडू फसफसला, चुना फसफसला नाही. जे फसफसावयाचे, ते भट्टीतच निघून गेले होते.

तो तेथेही थांबला नाही. तो 68 ग्रेन चुना त्याने पोटॅशच्या द्रावणात टाकला. पोटॅशमधील वायू चुन्याने ओढून घेतला आणि 118 ग्रेन खडू परत मिळाला. आम्हांला साऱ्या निबंधात हाच आकडा मोलाचा वाटतो. गेलेले मुद्दल दोन ग्रेनच्या तुटीने वहीत परत जमा झाले! या वायूला त्याने ‘बद्ध वायू’ म्हटले. आपण त्याला कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतो. उच्छ्वासातही तोच आहे, हे त्याने चुन्याची निवळी दुधाळ करून दाखविले.

मुतखड्यावर मात्र यातून काही औषध निघाले नाही. मॅग्नेशिया आम्लपित्तावर आणि रेचक म्हणून डॉक्टरांच्या पेटीत राहिला.