करलीचं अरबी नाव

घरी कधी करली खाल्ली असेल, तर तिच्या काट्यांची दहशत तुम्हाला सांगायला नको. सुरीच्या पात्यासारखी लांब, चपटी. खालचा जबडा पुढे आलेला, तोंडात सुळे. लहान मासे पकडून जगणारी ही शिकारी. शास्त्रात तिचं नाव कायरोसेंट्रस डोराब. यातला 'डोराब' अरबी आहे, आणि तो आपल्या किनाऱ्यावरून नाही, लाल समुद्रावरून आलाय.

डेन्मार्कच्या राजाने 1761 मध्ये अरबस्तानात एक मोहीम पाठवली. तिच्यात पीटर फोर्स्कॉल होता, लिनियसचा विद्यार्थी. इजिप्तमध्ये तो अरबी शिकला. 1762 च्या ऑक्टोबरअखेर मंडळी आजच्या सौदी अरेबियातल्या जेद्दाला उतरली आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत तिथे राहिली. मासे नोंदवताना फोर्स्कॉलने बरेचदा स्थानिक नावच शास्त्रीय नावात बसवलं: हरक, बोहार, सोहल, डोराब. काहींना ही घाई वाटेल. मला त्यात ऐकून घेण्याची सवय दिसते. अर्थात, शास्त्रीय नावापुढे कंसात लागतं ते फोर्स्कॉलचंच नाव. ज्याने त्याला 'डोराब' हा शब्द सांगितला, त्याचं नाही.

जुलै 1763 मध्ये येमेनमधल्या यरीम गावी मलेरियाने तो गेला. वय 31. उरलेले मुंबईला निघाले. दोघे वाटेत जहाजावर वारले, डॉक्टर मुंबईत. एकटा कार्स्टेन नीबुर 1767 मध्ये परतला आणि त्यानेच मित्राच्या नोंदी 1775 मध्ये कोपनहेगनला छापल्या. आपल्या बांगड्याच्या शास्त्रीय नावात 'कानगुर्ता' हा तेलुगू शब्द आहे. फोर्स्कॉल मुंबईला पोचला असता, तर आपल्या कोळणींचा एखादा शब्दही असाच पुस्तकात गेला असता, असं मला राहून राहून वाटतं.

नाव लाल समुद्रावरचं म्हणून करली मूळची तिथली, असं मात्र नाही. शास्त्रात 'मूळ ठिकाण' म्हणजे पहिली नोंद ज्या नमुन्यावरून झाली, त्याची जागा. मासा पूर्व आफ्रिकेपासून जपान, उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत फिरतो.

आणि प्रत्येक करली डोराब नसते बरं का! पुढच्या वेळी बाजारात तिच्या पाठीवरचा पर उघडून बघा. वरचा भाग काळा असेल तर डोराब. नसेल तर बहुधा तिची बहीण, कायरोसेंट्रस नुडस. कोळीण दोघींनाही करलीच म्हणते.